मांजराने बोचकारलं, रक्त आलं नाही. रेबीजची लस घ्यायची का?

प्रश्न थोडक्यात असा. सात वर्षांच्या मुलाला परवा संध्याकाळी घरच्या मांजरीने मनगटावर बोचकारलं. आधी पांढरी रेघ उठली, मग ती लाल झाली, रक्त काही वाहिलं नाही. मांजरी दीड वर्षाची, घरातच वाढलेली, पण रात्री खिडकीतून बाहेर जाते. तिला लस कधी टोचलेली नाही. गल्लीतल्या डॉक्टरांनी धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं आणि ‘पुरे’ म्हणाले. नात्यातल्या एक नर्सताई म्हणतात, पाच इंजेक्शनं घ्यावीच लागतील. सासूबाईंचं म्हणणं, घरच्या मांजराने काय होतंय! आईला विचारायचंय की यात खरं कोणाचं, आणि पथ्य काही पाळायचं का.

ताई, नर्सताईंचं. आकड्यात थोडा घोळ आहे, तो पुढे सांगतो. पण लस घ्यायची, आणि हे वाचून झाल्यावर लगेच निघायचं. परवाचा दिवस गेला म्हणून घाबरू नका, उशीर झाला म्हणून लस वाया जात नाही. फक्त आणखी उशीर करू नका.

तालुक्याच्या गावात अठ्ठावीस वर्षं दवाखाना चालवतोय. मांजराच्या ओरखड्याचा माणूस आठवड्यातून एक तरी येतोच, आणि जवळजवळ प्रत्येकाचं पहिलं वाक्य एकच असतं: “तसं आमचं मांजर चांगलं आहे हो.” मांजर चांगलं असेलही. पण लस घ्यायची की नाही, हे आधी ठरतं ते कातडीला काय झालं यावरून. मांजराचा स्वभाव, वय, ते कोणाच्या मांडीवर झोपतं, हे सगळं नंतर.

जागतिक आरोग्य संघटनेने याचे तीन वर्ग केले आहेत आणि आपल्याकडच्या सरकारी दवाखान्यांतही तेच चालतात. जनावराला नुसता हात लावला, खायला घातलं, किंवा त्याने धड कातडीवर चाटलं तर पहिला वर्ग. हात धुवा, काही टोचायला नको. कातडी खरवडली, पण रक्त आलं नाही, किंवा उघड्या कातडीला हलकेच दात लागले, तर दुसरा वर्ग. जखम धुवायची आणि लस घ्यायची. दात किंवा नख कातडीच्या आरपार गेलं, रक्त आलं, आधीच्या जखमेवर जनावराने चाटलं, किंवा लाळ डोळ्यांत-तोंडात गेली, तर तिसरा वर्ग. धुणं, लस, आणि शिवाय जखमेत भरायचं ते वेगळं औषध. तुमचा मुलगा दुसऱ्या वर्गात बसतो. वर्ग चावा आणि ओरखडा यांत फरक करत नाहीत, हे लक्षात घ्या. रक्त काढणारा ओरखडा आणि रक्त काढणारा चावा एकाच रांगेत आहेत.

रक्त आलं की नाही हे आईवडिलांना पुष्कळदा सांगताच येत नाही. पोर रडत असतं, आजीने तोवर हळद दाबलेली असते. मी अशा वेळी दिव्याखाली भिंग धरून बघतो. रेघेवर टाचणीच्या टोकाएवढे सुकलेले लाल ठिपके दिसले तर ते रक्तच धरतो. कातडी फाटली आहे का हीच शंका असेल तर स्पिरिटचा बोळा फिरवतो. झोंबलं तर फाटली आहे. आणि ठरवता येईना, तर वरचा वर्ग धरायचा. खालचा धरून चूक झाली तर ती दुरुस्त करता येत नाही.

आता सासूबाईंचा मुद्दा. रेबीजचा विषाणू राहतो लाळेत. ‘मांजराच्या नखात विष असतं’ असं आपल्याकडे म्हणतात. नखात विष नसतं, पण मांजर दिवसभर पंजे चाटत बसतं, आणि ओली लाळ नखाला असताना त्याने ओरबाडलं तर ती कातडीच्या आत जाऊ शकते. चाव्यापेक्षा हा धोका पुष्कळ कमी आहे. आपल्या देशात रेबीजने माणसं मरतात ती बहुतेक सगळी कुत्र्याच्या चाव्याने, मांजराचा वाटा फार लहान. मांजरांचा असा वेगळा रेबीज नाहीच. त्यांना तो दुसऱ्या पिसाळलेल्या जनावराकडून, आपल्याकडे मुख्यतः कुत्र्याकडून, लागतो. म्हणून तर रात्री खिडकीतून जाणारी मांजरी आणि चौथ्या मजल्यावरच्या बंद फ्लॅटमधली मांजरी यांत फरक पडतो. तुमची रात्री कुठे जाते, कोणाशी भांडते, हे तुम्हाला माहीत नाही. मलाही नाही.

धोका कमी, मग एवढा अट्टहास का? कारण समोरच्या पारड्यात जे आहे ते कमी नाही. रेबीजची लक्षणं एकदा दिसली की माणूस वाचत नाही. वाचलेले जगभरात बोटांवर मोजण्याइतके. विषाणू जखमेच्या जागेवरून मज्जातंतूत शिरतो आणि त्यांतून हळूहळू मेंदूकडे सरकतो. याला बहुधा दोन-तीन महिने लागतात, क्वचित आठवडाभर, क्वचित वर्षाहून जास्त. त्याच्या या संथ चालीमुळेच लस चावल्यानंतर देऊनही चालते; इतर बहुतेक लशींसारखी आधीच द्यावी लागत नाही. शरीर विषाणूच्या आधी तयार व्हावं, एवढीच शर्यत. इंटर्नशिपमध्ये मी एक रुग्ण पाहिला. चाळिशीचा, धडधाकट, शुद्धीवर असलेला शेतकरी. पंखा सुरू केला की गळ्याचे स्नायू आवळायचे, पाण्याचा पेला दिसला की अंग झटके द्यायचं. तिसऱ्या दिवशी गेला. तेव्हापासून ‘बघू दोन दिवस’ हे शब्द मी या बाबतीत उच्चारत नाही.

दहा दिवसांच्या गोष्टीकडे येतो, कारण सगळा गोंधळ तिथेच आहे. “जनावर दहा दिवस बघा, मेलं तर लस घ्या” हे वाक्य गावोगाव फिरतं, आणि ते अर्धवट आहे. दहा दिवसांचा नियम खरा आहे, तोही कुत्रा आणि मांजर या दोघांपुरताच. त्यामागचं कारण असं की या दोन प्राण्यांच्या लाळेत विषाणू उतरतो तो आजार दिसायच्या थोडेच दिवस आधी. म्हणजे बोचकारताना लाळेत विषाणू असेलच, तर दहा दिवसांच्या आत मांजर आजारी पडेल किंवा मरेल. दहा दिवसांनी ते ठणठणीत असेल तर त्या ओरखड्यातून रेबीज व्हायचा प्रश्न मिटला. पण हे दहा दिवस लस सुरू करून मोजायचे, लस थांबवून नव्हे. मांजर नवव्या दिवशी लाळ गाळायला लागलं तर तुमचे नऊ दिवस फुकट गेले ना!

मांजर दहा दिवस नीट राहिलं तर काय सवलत मिळते? लस द्यायच्या दोन पद्धती आहेत, त्या पुढे सांगतो. दंडात स्नायूत घ्यायच्या पद्धतीत चौदाव्या दिवसाचं इंजेक्शन गाळून थेट अठ्ठाविसाव्या दिवसाचं घेता येतं. कातडीत टोचायच्या पद्धतीत आपल्या राष्ट्रीय सूचना कोर्स पूर्णच करा असं सांगतात. म्हणजे वाचतं ते जेमतेम एक इंजेक्शन. पण घेतलेली लस वाया जात नाही. पुढच्या वेळी उपयोगी पडते, आणि मांजर पाळणाऱ्या घरात पुढची वेळ येतेच.

हे दहा दिवस बघायचं म्हणजे मांजर डोळ्यांसमोर हवं. इथे आमच्या भागातली एक सवय फार घात करते. मांजराने पोराला ओरबाडलं की आजोबा त्याला पोत्यात घालतात आणि सायकलवरून ओढ्यापलीकडे सोडून येतात. काही जण मारून पुरतातही. रागाचं म्हणाल तर कळतं, पण एकुलता एक साक्षीदारच आपण हाकलून दिला. मग मला ते मांजर पिसाळलेलं होतं असं धरूनच चालावं लागतं. तुमच्या मांजरीला दहा दिवस एका खोलीत ठेवा, दूध-भाकरी, माती किंवा वाळूचं घमेलं आत द्या, खिडकी बंद. मुलांना आत जाऊ देऊ नका. मोठ्यांपैकी एकानेच बघायचं.

बघायचं काय? पिसाळलेला कुत्रा लोकांना ओळखता येतो, मांजर येत नाही. माणसाळलेलं मांजर अचानक कपाटाखाली, पलंगाखाली जाऊन बसतं, उजेड टाळतं, काही कारण नसताना झेप घेऊन चावतं. आवाज बदलतो, घोगरा होतो. गिळता येत नाही म्हणून लाळ गळते, मागचे पाय लुळे पडतात. यातलं काही दिसलं किंवा मांजर मेलं, नाहीसं झालं, तर त्याच दिवशी डॉक्टरांना सांगा आणि पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. मेलेल्या मांजराला उघड्या हातांनी उचलू नका. उलट, मांजरीने छेडल्यावर, शेपटी ओढल्यावर, पिलांपाशी हात नेल्यावर बोचकारलं असेल तर ते नेहमीचं मांजरपण आहे, आणि त्याने मन थोडं हलकं व्हायला हरकत नाही. मात्र लस टाळायला तेवढं कारण पुरत नाही. जखम कातडीवर आहेच.

मला येणारा याच्या उलटचाही प्रश्न इथेच सांगून टाकतो. महिन्यापूर्वी बोचकारलं होतं, लस घेतली नाही, आता रात्री झोप लागत नाही, आणि मांजर तर समोर सोफ्यावर पसरलंय. मग झोपा. जे मांजर महिनाभराने जिवंत आणि निरोगी आहे, त्याने त्या दिवशी रेबीज दिलेला नाही. मांजर पुन्हा दिसलंच नसेल, तर मात्र महिना उलटला तरी जाऊन लस सुरू करा. जखम आजची आहे असं समजूनच उपचार होतात.

धुण्याबद्दल. परवा तुम्ही धुतलं असेल, नसेल, तरी आज पुन्हा धुवा. ताजी जखम असती तर वाहत्या नळाखाली साबण लावून पंधरा मिनिटं, घड्याळ लावून. लोक दोन मिनिटांत उरकतात. या विषाणूचं आवरण स्निग्ध असतं, साध्या साबणाने ते फुटतं. अंगाचा असो की कपड्यांचा, जो हाताशी असेल तो साबण चालतो. नंतर पोव्हिडोन आयोडीन लावा. हळद, चुना, मिरचीपूड, तेल, कॉफी यांतलं काही नको. माझ्याकडे एकदा एक गवंडी आला, त्याने चावलेल्या जागी चुना भरला होता. चुन्याने भाजलेली जखम बरी व्हायला चाव्यापेक्षा जास्त दिवस लागले. पट्टी घट्ट बांधू नका, आणि असली जखम लगेच शिवायचीही नसते.

आता ‘पाच’चा घोळ. लस देण्याच्या दोन पद्धती आहेत. स्नायूत द्यायची असेल तर ०, ३, ७, १४ आणि २८ या दिवशी एकेक, म्हणून पाच. सरकारी रुग्णालयांत बहुधा कातडीत टोचतात: दोन्ही दंडांवर ०.१ मिली, ०, ३, ७ आणि २८ या दिवशी. फेऱ्या चार, टोचण्या आठ. लस तितकीच जोरकस, आणि एका कुपीत जास्त माणसं भागतात. दोन्ही ठीक आहेत. सुरू केलेली पद्धत शक्यतो मध्येच बदलू नका. शून्य दिवस म्हणजे पहिल्या टोचणीचा दिवस, ओरखड्याचा नव्हे. तुम्ही आज गेलात तर आज शून्य. लहान मुलाला डोस कमी नसतो, मोठ्याइतकाच. टोचायचं दंडात, अगदी तान्ह्याला मांडीच्या बाहेरच्या बाजूला. कुल्ल्यात कधीच नाही. तिथल्या चरबीत लस नीट लागू पडत नाही. कोणी कुल्ल्यात द्यायला निघालं तर नम्रपणे थांबवा, मागाहून तोच डोस पुन्हा घ्यावा लागेल.

आणि बेंबीभोवतीची चौदा इंजेक्शनं आता नाहीत. ती मेंढीच्या मेंदूपासून केलेल्या लशीची होती. तिचा वापर आपल्याकडे २००५ च्या सुमारास बंद झाला. मी प्रॅक्टिस सुरू केली तेव्हा ती देत होतो, त्यामुळे लोकांच्या पोटातला गोळा मला कळतो. पण आजची लस म्हणजे दंडात टुचुक. थोडी कणकण, टोचल्या जागी खाज, यापलीकडे सहसा काही होत नाही. गरोदर बाईला, अंगावर पाजणाऱ्या आईलाही चालते.

गल्लीतल्या डॉक्टरांनी दिलेलं धनुर्वाताचं इंजेक्शन चूक नाही. अशा जखमेला ते बहुधा देतात. पण धनुर्वात वेगळा आणि रेबीज वेगळा; एकाचं इंजेक्शन दुसऱ्याला काडीचंही उपयोगी नाही. ‘इंजेक्शन घेतलंय’ म्हणणाऱ्या दर तीन-चार माणसांत एकाने धनुर्वाताचंच घेतलेलं असतं, असा माझा अनुभव. म्हणून मी कागद मागतो.

रक्त आलेलं असतं तर जखमेत भरायचं औषध लागलं असतं. लशीने शरीर स्वतःचं संरक्षण तयार करतं, पण त्याला आठ-पंधरा दिवस लागतात. तोवर विषाणूला जखमेतच अडवायला तयार प्रतिपिंडं देतात. घोड्याच्या रक्तातून केलेलं सिरम किलोला ४० युनिट, माणसाच्या रक्तातलं २० युनिट. वीस किलोच्या मुलाला घोड्याचं ८०० युनिट. शिवाय प्रयोगशाळेत बनवलेलं एकाच प्रकारचं प्रतिपिंडही आता मिळतं. पुण्याच्या सिरम इन्स्टिट्यूटने २०१७ मध्ये असं औषध बाजारात आणलं. हे सगळं जखमेत आणि जखमेच्या कडेने टोचायचं असतं. बोटाच्या टोकावर ते फार दुखतं, आणि तिथे जागाही कमी असते. म्हणून काही ठिकाणी नुसतं दंडात देऊन मोकळे होतात. तसं होऊ देऊ नका. पहिल्या दिवशी मिळालं नाही तर लस सुरू करून सात दिवसांच्या आत मिळवा. त्यानंतर त्याचा उपयोग नाही. आणि एक अपवाद: मुलाला कॅन्सरचे, दीर्घकाळ स्टेरॉइडचे किंवा प्रतिकारशक्ती दाबणारे उपचार सुरू असतील, तर रक्त न आलेल्या ओरखड्यालाही हे औषध देतात. तसं असेल तर डॉक्टरांना आपणहून सांगा.

आधी कधी पूर्ण कोर्स झालेल्या माणसाला नव्या ओरखड्याला फक्त दोन फेऱ्या, ० आणि ३. जखमेतलं औषध लागत नाही. त्यासाठी कार्ड जपून ठेवा, मोबाइलवर फोटो काढून ठेवा. भटक्या मांजरांना खायला घालणाऱ्यांनी, पिलं वाचवून आणणाऱ्यांनी तर आधीच ०, ७ आणि २१ किंवा २८ व्या दिवशी असे तीन डोस घेऊन ठेवावेत. दर महिन्याला माझ्याकडे रडकुंडीला येण्यापेक्षा ते स्वस्त पडतं.

ज्यांची मुलं परदेशात आहेत त्यांच्यासाठी एक ओळ. लंडनच्या किंवा ऑकलंडच्या डॉक्टरांनी मांजराच्या ओरखड्याला लस नको म्हटलं तर ते बरोबरच आहे. तिथल्या कुत्र्या-मांजरांत रेबीज नाही. अमेरिकेत रॅकून-स्कंकसारख्या रानटी प्राण्यांमुळे मांजरांत तो सापडतो, पण निरोगी मांजर दहा दिवस नजरेखाली ठेवता येत असेल तर तिथे लस थांबवून बघतात. तिथला सल्ला इथे लावू नका आणि इथला तिथे. गोव्यात कुत्र्यांना मोठ्या प्रमाणावर लस टोचली आणि २०२१ मध्ये राज्य सरकारने रेबीज-नियंत्रित क्षेत्र जाहीर केलं; कुत्री सुरक्षित झाली की मांजरंही होतात, त्याचं हे जवळचं उदाहरण.

मांजराच्या ओरखड्यातून रेबीज सोडून इतरही काही होतं, आणि ते जास्त वेळा होतं. दोन-तीन आठवड्यांनी मुलाच्या काखेत किंवा कोपराच्या आत अवधाण आलं, बारीक ताप आला, तर ओरखड्याची गोष्ट डॉक्टरांना सांगा; पिसवांमुळे मांजरात पसरणारा एक जिवाणू हे करतो, बहुधा आपोआप बरं होतं. दात लागला असेल आणि दुसऱ्याच दिवशी हात लाल, टम्म, ठणकणारा झाला असेल, तर मात्र वाट न बघता जा. मांजराचा दात सुईसारखा खोल जातो, वरून भोक मिटतं आणि आत पू होतो. त्याला प्रतिजैविक लागतं.

जाताना एवढं करा. प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात लस फुकट मिळते; आधी फोन करून साठा आहे का विचारा. कालच्या धनुर्वाताच्या इंजेक्शनची चिठ्ठी बरोबर न्या. मुलाचं वजन करून जा, वेळ वाचतो. केसपेपरवर ‘मांजर, ओरखडा, तारीख, वर्ग दोन’ असं लिहिलंय ना बघा. दहा दिवस झाले की मांजरीला पशुवैद्यांकडे नेऊन रेबीजची लस टोचा, मग दरवर्षी.

आणि शेवटी तुम्ही विचारलेलं पथ्याचं. काही नाही. अंडं, मटण, वांगं, आंबट, सगळं चालतं. उद्या शाळेत पाठवा, अंघोळ घाला. फक्त पुढची तारीख कॅलेंडरवर लाल पेनाने लिहा, अठ्ठाविसाव्या दिवसाची फेरी विसरणारी आई-बापंच मला जास्त भेटतात.